शांतता शिकवता येते का? शाळांची जागतिक जाळी, अंतर्भारती आणि ठाणे

माणसामाणसांतले वैर शाळेच्या वयातच रोखता येते, या विश्वासावर विसाव्या शतकात शाळांची काही आंतरराष्ट्रीय जाळी उभी राहिली. एका देशातील शाळा दुसऱ्या देशातील शाळेशी जोडायची, मुलांना परस्परांची भाषा, इतिहास, सणवार आणि श्रद्धा यांची ओळख करून द्यायची, जमेल तेथे त्यांना काही काळ एकत्र राहू द्यायचे आणि त्यातून द्वेषाला नकार देणारी पिढी घडवायची, हा त्यांचा हेतू. या प्रयत्नांच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. शील शिकवता येते का? प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादाचा आरंभच या प्रश्नाने होतो आणि त्याचे ठाम उत्तर तेथे मिळत नाही.

शांततेच्या बाबतीत हा प्रश्न असा मांडता येतो: शांतता ही माहिती आहे, सवय आहे की दृष्टी आहे? माहिती असेल तर चांगले पाठ्यपुस्तक आणि चांगला शिक्षक पुरे. सवय असेल तर वर्गापेक्षा वसतिगृह, शिबिर आणि अंगमेहनत यांना महत्त्व येते. दृष्टी असेल तर मुलाने जगाकडे आणि स्वतःकडे पाहण्याची रीतच पालटावी लागते. शांतताशिक्षणाच्या निरनिराळ्या परंपरांनी या तिन्ही उत्तरांवर आपापली उभारणी केली. महाराष्ट्रात सानेगुरुजींच्या अंतर्भारतीने त्यांत एक महत्त्वाची भर घातली.

युनेस्को आणि संलग्न शाळा

दुसरे महायुद्ध संपून अडीच महिने होतात न होतात तोच, १६ नोव्हेंबर १९४५ रोजी, लंडनमध्ये युनेस्कोच्या घटनेला मान्यता मिळाली. युद्धाचा उगम माणसांच्या मनात होतो, म्हणून शांततेची तटबंदीही मनातच बांधावी लागते, हा या घटनेच्या प्रास्ताविकेचा गाभा आहे. एकमेकांच्या जीवनपद्धतींविषयीच्या अज्ञानातून संशय निर्माण होतो आणि संशयाने अनेकदा युद्धे पेटवली आहेत, असे निदानही तेथे केलेले आहे. भारत हा युनेस्कोच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होता.

या निदानाला शाळेत उतरवण्यासाठी १९५३ मध्ये युनेस्कोने संलग्न शाळांची योजना सुरू केली. प्रारंभी तिच्यात १५ देशांतील ३३ माध्यमिक शाळा होत्या. आज १८० हून अधिक देशांतील सुमारे १२,००० संस्था तिच्यात आहेत आणि पूर्वप्राथमिक शाळांपासून शिक्षक घडवणाऱ्या संस्थांपर्यंत सर्वांचा त्यांत समावेश होतो. शाळा आपल्या देशाच्या युनेस्कोविषयक राष्ट्रीय आयोगामार्फत या जाळ्यात येते. मानवी हक्क, संयुक्त राष्ट्रांचे कार्य, पर्यावरण आणि परसंस्कृतीचा परिचय अशा विषयांवर तिने उपक्रम करावेत आणि त्यांचा अनुभव इतर शाळांना कळवावा, अशी अपेक्षा असते.

या जाळ्यातील सर्वांत फलदायी काम देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या समान विषयांवर झाले आहे. १९८९ मध्ये बाल्टिक समुद्राच्या काठावरील देशांतील शाळांनी त्या समुद्राचे प्रदूषण मिळून अभ्यासायला घेतले. शीतयुद्धाने दोन गटांत विभागलेल्या काठांवरची मुले एकाच पाण्याचे नमुने तपासू लागली. १९९८ मध्ये अटलांटिक महासागरावरून चाललेल्या गुलामांच्या व्यापारावर एक प्रकल्प सुरू झाला. त्यात आफ्रिका, युरोप आणि अमेरिका या तिन्ही बाजूंच्या शाळांनी एकच दुःखद इतिहास एकत्र वाचला. विकणाऱ्यांचे, विकत घेणाऱ्यांचे आणि विकल्या गेलेल्यांचे वंशज एका विषयाभोवती बसले. परसंस्कृतीचा परिचय म्हणजे केवळ पेहराव, नृत्य आणि खाद्यपदार्थ यांची ओळख, ही समजूत अशा कामाने दूर होते.

१९७४ मध्ये युनेस्कोने आंतरराष्ट्रीय सामंजस्य, सहकार्य, शांतता आणि मानवी हक्क यांच्या शिक्षणाविषयी सर्व देशांना उद्देशून एक विस्तृत शिफारस केली. २०२३ मध्ये तिची नवी आवृत्ती स्वीकारण्यात आली. भारतातही राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार होताना शांततेसाठी शिक्षण या विषयावर स्वतंत्र अभ्यासगट नेमला गेला. शांतता हा वेगळा विषय न ठेवता ती सगळ्या विषयांच्या शिकवण्यात मुरलेली असावी, ही भूमिका त्यातून पुढे आली.

या सगळ्या रचनेचा मुख्य आधार ज्ञान हा आहे. तो मोलाचा असला तरी त्याची मर्यादाही विसाव्या शतकानेच दाखवली. १९३३ चा जर्मनी हा निरक्षरांचा देश नव्हता. त्याची विद्यापीठे जगात नावाजलेली होती. परक्याविषयी पुष्कळ माहिती असूनही त्याच्याविषयी द्वेष असू शकतो, किंबहुना ती माहिती द्वेषाच्या कामी लावता येते, हे त्या देशाने पाहिले.

सहवासाची शाळा

हाच जर्मनी सोडून जावे लागलेल्या एका शिक्षकाने दुसरे उत्तर शोधले. कुर्ट हान (१८८६–१९७४) यांचा जन्म बर्लिनमधील ज्यू कुटुंबातला. १९२० मध्ये त्यांनी जर्मनीतील सालेम येथे शाळा काढली. हिटलरच्या अनुयायांनी केलेल्या एका क्रूर खुनाचे हिटलरने समर्थन केले, तेव्हा हान यांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून सालेम आणि हिटलर यांपैकी एकाची निवड करायला सांगितले. १९३३ मध्ये त्यांना अटक झाली आणि सुटका झाल्यावर ते ब्रिटनला गेले. तेथे स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली.

महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांचे सैनिकी अधिकारी एका प्रशिक्षणसंस्थेत एकत्र शिकताना हान यांनी १९५० च्या दशकात पाहिले. प्रौढ सैनिकांना जे साधते ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना अधिक सहज साधेल, या विचारातून १९६२ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरील एका जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले. त्यातूनच युनायटेड वर्ल्ड कॉलेज ही चळवळ वाढली आणि आज जगभरात तिची १८ विद्यालये आहेत. निरनिराळ्या देशांतील राष्ट्रीय समित्या मुलांची निवड करतात, आणि फी न परवडणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळावी असा प्रयत्न असतो.

या चळवळीचे भारतातील विद्यालय महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात पौडजवळच्या टेकडीवर १९९७ मध्ये महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. अनेक देशांतून आलेली मुले येथे दोन वर्षे एकत्र राहतात, एका खोलीत झोपतात, एका भोजनगृहात जेवतात आणि आजूबाजूच्या गावांत सेवेचे काम करतात. वर्गातील अभ्यासाइतकेच या कामाला महत्त्व आहे. हान यांच्या मते सद्गुण हा उपदेशाने अंगी येत नाही. संकटात सापडलेल्याला वाचवायला धावण्याच्या सवयीने तो येतो. वेल्समधील विद्यार्थी म्हणूनच समुद्रात अडकलेल्यांच्या सुटकेचे काम शिकत. मैत्रीवर निबंध लिहिण्यापेक्षा एकाच दोरीला हात लावणे मैत्रीला अधिक पोषक ठरते, असा हा विचार आहे.

सहवास पुरेसा आहे का?

सहवासाने वैर जाते, हा विश्वास महाभारताच्या वाचकाला पूर्णपणे पटणार नाही. कौरव आणि पांडव एकाच घरात वाढले, एकाच गुरूकडे शिकले, एकाच रंगभूमीवर त्यांनी आपली विद्या दाखवली. तरीही शेवट कुरुक्षेत्रावर झाला. द्रोणाचार्यांच्या त्या शाळेत सहवास होता, पण स्पर्धा हेच तिचे मुख्य सूत्र होते. तिने एकलव्याला दाराबाहेर ठेवले आणि पुढे त्याचा अंगठा मागितला. रंगभूमीवर कर्ण उभा राहिला तेव्हा त्याचे कौशल्य दिसूनही द्वंद्वाआधी त्याचे कुळ विचारले गेले. जी शाळा काहींना आत घेते, काहींना बाहेर ठेवते आणि आत घेतलेल्यांना एकमेकांवर मात करायला शिकवते, ती कितीही श्रेष्ठ गुरूची असली तरी शांततेची शाळा होत नाही.

हाच मुद्दा आधुनिक मानसशास्त्राने वेगळ्या वाटेने मांडला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांच्या स्वरूपावर ग्रंथ लिहिला. दोन गटांचा संपर्क आला म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी चार अटी पूर्ण व्हाव्या लागतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे: संपर्काच्या वेळी दोघांचा दर्जा समान हवा, दोघांसमोर एक सामाईक उद्दिष्ट हवे, ते गाठायला स्पर्धेऐवजी सहकार्य लागावे आणि त्या संपर्काला कायद्याचा व संस्थेचा पाठिंबा असावा. मालक आणि मोलकरीण यांचा रोजचा संपर्क पूर्वग्रह कमी करत नाही, उलट पक्के करतो, कारण पहिलीच अट तेथे मोडलेली असते.

बोस्नियातील मोस्तार शहर या अटींची कसोटी पाहते. १९९० च्या दशकातील युद्धाने ते दुभंगले. तेथील जुन्या विद्यालयाची इमारत नंतर पुन्हा उभी राहिली, पण बोस्नियाक आणि क्रोएट मुले एकाच छपराखाली वेगवेगळे अभ्यासक्रम शिकत राहिली. त्याच इमारतीत २००६ मध्ये युनायटेड वर्ल्ड कॉलेजचे विद्यालय सुरू झाले आणि तेथे सर्व गटांची मुले एका वर्गात बसू लागली. एकाच छपराखाली राहणे आणि एका बाकावर बसणे यांतला फरक त्या इमारतीत स्पष्ट दिसतो.

भारतीय विचारातील आधार

शांततेला दृष्टी मानणारा विचार भारतात प्राचीन आहे. जैनांचा अनेकान्तवाद सांगतो की वस्तू अनंतधर्मी असते आणि प्रत्येक पाहणारा तिचा एक अंश पाहतो. म्हणून आपले विधान ‘स्यात्’ या मर्यादेसह, म्हणजे ‘एका दृष्टीने असे आहे’ या जाणिवेने करावे. हा विचार आंतरधर्मीय शिक्षणावरील एका मोठ्या आक्षेपाला उत्तर देतो. सर्व धर्मांचा आदर करायचा म्हणजे कोणत्याही धर्मावर खरी निष्ठा ठेवायची नाही, असा तो आक्षेप. अनेकान्तवाद निष्ठा सोडायला सांगत नाही. आपल्या निष्ठेत सगळे सत्य मावले आहे, हा दावा तेवढा सोडायला सांगतो. स्वतःच्या अंशावर दृढ राहून दुसऱ्याच्या अंशाविषयी जिज्ञासा ठेवता येते. सत्यच नाही असे म्हणणारी उदासीनता आणि सत्य आपल्यापुरतेच नाही असे म्हणणारी नम्रता, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात हीच दृष्टी भक्तीच्या वाटेने आली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी मागितलेले पसायदान आजही मराठी शाळांत म्हटले जाते. त्यातील मागणी दुष्टांच्या नाशाची नाही. त्यांच्यातील दुष्टपणा जावा आणि प्राणिमात्रांत मैत्री जडावी, अशी ती मागणी आहे. शत्रू आणि शत्रुत्व यांत केलेला हा भेद शांततेच्या कोणत्याही तत्त्वज्ञानाचा पाया ठरतो, कारण शत्रुत्व जाऊ शकते यावर विश्वास नसेल तर शिक्षणाला कामच उरत नाही.

विसाव्या शतकात या दृष्टीला शाळेचे रूप देण्याचे प्रयत्न झाले. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा सुरू केली आणि १९२१ मध्ये विश्वभारतीची स्थापना केली. पूर्व आणि पश्चिम यांच्या विद्या एका ठिकाणी नांदाव्यात, ही त्यांची कल्पना होती. गांधीजींच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि तिच्यातून नई तालीम पुढे आली. तिच्यात सर्व मुलांनी हाताने उत्पादक काम करायचे होते. जातीने वाटून दिलेल्या श्रमांची उतरंड शाळेतच मोडावी, हा तिचा शांततेशी असलेला खोल संबंध. मारिया माँटेसरी १९३९ ते १९४६ या काळात भारतात राहिल्या. युद्ध टाळणे हे राजकारणाचे काम, शांतता उभारणे हे शिक्षणाचे काम, असे त्या मानत आणि युरोपात १९३० च्या दशकात त्यांनी यावर व्याख्याने दिली होती.

सानेगुरुजी आणि अंतर्भारती

पांडुरंग सदाशिव साने (१८९९–१९५०) हे शिक्षक म्हणून अमळनेरला आले तेव्हा त्यांनी वर्गाइतकेच तेथील वसतिगृहाकडे लक्ष दिले. विद्यार्थ्यांसाठी ते स्वतः हाताने दैनिक लिहीत. १९३० मध्ये शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि त्यांच्या पुढील शिक्षणाचा मोठा भाग तुरुंगात झाला. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील राजबंद्यांच्या सहवासात ते तेथील भाषा शिकू लागले आणि तिरुवल्लुवरांच्या ‘कुरळ’ या तमिळ ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवाद केला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती सानेगुरुजींनी लिहून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला. ब्रिटिश सरकारने निरनिराळ्या प्रांतांच्या माणसांना एका कोठडीत ठेवले आणि तेथे एक प्रकारची आंतरप्रांतीय शाळाच भरली.

या अनुभवातून अंतर्भारतीची कल्पना आली. विश्वभारतीने भारत आणि जग जोडावे, तर अंतर्भारतीने भारतातील प्रांत जोडावेत. प्रत्येक प्रांतात अशी केंद्रे असावीत की जेथे दुसऱ्या प्रांतांतील तरुण येऊन राहतील, तेथील भाषा आणि साहित्य शिकतील, आणि आपल्या भाषेत त्याचे अनुवाद करतील. १९४९ मध्ये पुण्यातील साहित्य संमेलनात सानेगुरुजींनी ही कल्पना मांडली. भाषावार प्रांतरचनेची मागणी तेव्हा जोर धरत होती. आपल्या भाषेवर प्रेम करणाऱ्याने शेजाऱ्याची भाषा शिकावी, हे सांगण्याची ती नेमकी वेळ होती. त्यांच्यानंतर ‘साधना’ साप्ताहिकाचा परिवार आणि राष्ट्र सेवा दल यांतील कार्यकर्त्यांनी शिबिरे आणि भाषांतरे यांच्या रूपाने हा विचार पुढे नेला. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील वडघर येथे सानेगुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे.

आंतरराष्ट्रीय जाळ्यांवर घेतला जाणारा दुसरा आक्षेप असा की जगाचे नागरिक घडवताना मुले आपल्या मातीपासून तुटतात. अंतर्भारतीची रचना या आक्षेपाला जागाच ठेवत नाही. तिच्यात ओळखीची वर्तुळे आतून बाहेर वाढतात. मुलाला आधी स्वतःची भाषा चांगली यावी, मग शेजारच्या प्रांताची यावी, आणि त्यानंतर जगाची. आतले वर्तुळ पुसून बाहेरचे काढता येत नाही, आणि आतल्याच वर्तुळात थांबले तर ते कुंपण होते.

समतेवाचून शांतता

अंतर्भारतीच्या कल्पनेला सानेगुरुजींच्या आणखी एका कृतीची जोड दिल्याशिवाय तिचा अर्थ पुरा होत नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले. दहा दिवसांनी ते सुटले आणि मंदिराचे दार खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. समतेचा घोष करणाऱ्या संतांचे दैवतच काही भक्तांना दर्शन देत नाही, ही विसंगती त्यांना असह्य होती. ‘भारतीय संस्कृति’ या पुस्तकात त्यांनी अद्वैताचा विचार मांडताना त्याच्या आचारावर भर दिला आहे. ब्रह्म एक आहे असे म्हणणाऱ्याने माणसाला शिवायला कचरू नये, इतका तो आचार साधा आहे.

शांतता आणि न्याय यांचा हा संबंध नॉर्वेचे विचारवंत योहान गाल्टुंग यांनी १९६० च्या दशकात वेगळ्या परिभाषेत सांगितला. युद्ध किंवा मारामारी नसणे ही अभावात्मक शांतता. समाजाच्या रचनेतच काहींच्या वाट्याला येणारी उपासमार, अपमान आणि अडवणूक नाहीशी होणे ही भावात्मक शांतता. अस्पृश्याने मंदिराच्या पायरीपाशी मुकाट थांबावे, तेव्हा गावात भांडण नसते. पण त्याला शांतता म्हणता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, असे बजावले. बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता हे रंगाचे वरवरचे थर ठरतील, असा त्यांचा इशारा होता. संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता आहे, पण कायदा बंधुता निर्माण करू शकत नाही. तो फक्त तिच्या आड येणारे अडथळे दूर करतो. ती निर्माण करण्याचे काम ज्या थोड्या संस्थांच्या आवाक्यात आहे, त्यांत शाळा पहिली येते.

ठाण्याचा अनुभव

या सगळ्या प्रश्नांची उजळणी ठाण्याच्या इतिहासात सापडते. शिलाहारांच्या काळापासून ठाणे हे बंदर आणि राजधानीचे ठिकाण. व्यापाराबरोबर येथे अनेक श्रद्धा आल्या आणि त्यांची भेट नेहमीच गोड झाली नाही. १३२१ मध्ये पूर्वेकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक ठाण्यात थांबले होते. धर्मावरून काझीसमोर वाद झाला आणि चौघेही मारले गेले. त्यानंतर दोन शतकांनी पोर्तुगीजांची सत्ता आली तेव्हा ठाणे ज्या साष्टी बेटावर आहे तेथे देवळे पाडली गेली आणि धर्मांतराचा दबाव आला. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले. एका सत्तेने दुसऱ्याचा देव मोडायचा, हा क्रम शतकानुशतके चालला.

याच शहरात दुसरी रीतही रुजली. कौपीनेश्वराचे मंदिर, पारशांची अग्यारी, जुने चर्च, मशिदी, जैन मंदिर आणि १८७९ मधले बेने इस्रायली ज्यूंचे सिनेगॉग एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. घाण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायली कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. त्यांनी मराठीला आपली भाषा केली. इस्रायलला गेलेल्यांनी तेथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. त्यांचा विश्रांतीचा दिवस वेगळा होता, देव वेगळा होता, आणि गावाने त्या वेगळेपणाला नाव देऊन आपलेसे केले.

शिक्षणाच्या क्षेत्रात जुन्या ठाणे जिल्ह्याने याहून मोठा धडा दिला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने वारल्यांच्या पाड्यावर परवडणारी नव्हती, म्हणून दगड, शिंपले, बिया आणि पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी जन्माला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. दोन संस्कृतींची भेट येथे झाली, पण तिच्यात एकलव्याला दारातून परत पाठवले गेले नाही. शिकवणाऱ्यांनी आपले दार सोडून त्याच्याकडे जाणे पत्करले. आंतरसांस्कृतिक शिक्षणाचा याहून शुद्ध नमुना जगातही विरळ आहे.

जवळचा अनोळखी

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला नौपाडा आहे. गोखले रोड, राम मारुती रोड, गावदेवी मैदान आणि घंटाळी यांच्या परिसरातील ही जुनी मराठी वस्ती आहे. तिच्यात गुजराती, कच्छी आणि दाक्षिणात्य कुटुंबेही राहतात. शिक्षणाची आस्था येथे खोलवर आहे. १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले, तेव्हापासून या शहराने वाचन हे नागरिकांचे काम मानले आहे. नौपाड्यातील मुलांना आज जगाची ओळख सहज होते. परदेशी शाळेतील मुलांशी पडद्यावर बोलता येते, आणि अनेक घरांतील भावंडे परदेशात आहेत.

नौपाड्यापासून हाकेच्या अंतरावर चेंदणी कोळीवाडा आहे. ठाण्यापुढे कळवा सोडले की रेल्वेचे दुसरेच स्थानक मुंब्रा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे तेथे राहायला गेली आणि वस्त्या अधिकच वेगळ्या झाल्या. कल्याणपलीकडे उल्हासनगर आहे. फाळणीने घर हरवलेल्या सिंधी निर्वासितांना तेथील लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला हे नाव मिळाले. पलीकडे डोंगरात वारली आणि कातकरी पाडे आहेत. एकाच महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू आणि हिंदी माध्यमांत वाटलेल्या आहेत, आणि खासगी शाळा फीप्रमाणे वाटलेल्या आहेत. एकाच लोकलने प्रवास करणारी मुले बारावीपर्यंत एकमेकांशी एक वाक्यही न बोलता मोठी होऊ शकतात.

ऑलपोर्टच्या अटी येथे अवघड नाहीत. नौपाड्यातील मराठी माध्यमाची शाळा आणि मुंब्र्यातील उर्दू माध्यमाची शाळा यांनी ठाण्याच्या खाडीचे पाणी वर्षभर मिळून तपासावे. बाल्टिकच्या काठावर जे झाले ते खाडीच्या काठावरही होऊ शकते. खाडीचे ज्ञान कोळीवाड्यातील माणसांकडून घ्यावे, म्हणजे पुस्तकी मुलांना गुरू कोण हे नव्याने कळेल. देवनागरी आणि उर्दू लिपी एकमेकांना शिकवाव्यात. सिंधी आजी-आजोबांकडून फाळणीची आठवण ऐकावी आणि तिच्यातून सूड न शिकता विस्थापिताचे दुःख शिकावे. यासाठी परकीय संस्थेची मान्यता लागत नाही. दोन मुख्याध्यापकांची तयारी, पालकांचा विश्वास आणि वेळापत्रकातला आठवड्याचा एक तास एवढे पुरते. मात्र भेट समान दर्जाची हवी. एका शाळेने दान द्यायचे आणि दुसरीने ते घ्यायचे, असे रूप तिला आले तर तिचा उपयोग होणार नाही.

शील शिकवता येते का, या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. शांततेची माहिती शिकवता येते, पण ती एकटी अपुरी पडते. शांततेची सवय लावता येते, पण असमान दर्जाच्या सहवासात ती टिकत नाही. शांततेची दृष्टी ही शिकवण्यापेक्षा लाभणारी गोष्ट आहे, आणि जो आजवर परका वाटला त्याच्याकडून काही शिकण्याची वेळ आली की ती लाभते. म्हणून शाळांच्या जागतिक जाळ्याची खरी परीक्षा सर्वांत दूरच्या देशाशी जुळलेल्या नात्यावर होत नाही. ती सर्वांत जवळच्या भिंतीपाशी होते. ज्या शाळेतील मूल दोन स्थानकांपलीकडच्या मुलाचे नाव, त्याची लिपी आणि त्याच्या सणाचा दिवस जाणते, ती शाळा कोणत्याही यादीत नसली तरी शांततेची शाळा आहे.